डफावरून लेखणीकडे : शाहीर अण्णाभाऊ साठे

गाणे आधी आणि ग्रंथ मागाहून, हा आपल्या भाषेचा जुना क्रम आहे. संतांचे अभंग प्रथम टाळ-मृदंगाच्या संगतीत गाइले गेले व नंतर वह्यांत उतरले. शाहिरांचे पोवाडे प्रथम डफावर गाजले व पुढे केव्हातरी संग्राहकांनी ते छापले. छापखाना आल्यानंतर मात्र या दोन गोष्टींमध्ये एक भिंत उभी राहिली. जत्रेत गाणारा तो कलावंत आणि कादंबरी लिहिणारा तो साहित्यिक, अशी विभागणी झाली. या भिंतीला एकच दरवाजा होता व तो शाळेतून जात असे. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याने फडात गावे, पुस्तकाच्या वाटेला जाऊ नये, असा जणू अलिखित नियमच होऊन बसला.

हा नियम मोडणारा मनुष्य विसाव्या शतकात महाराष्ट्रात होऊन गेला. तमाशाच्या फडात ढोलकी-तुणतुणे वाजविणारा, गिरणीत राबणारा, कामगारांच्या सभांत डफ कडाडविणारा हा शाहीर पुढे तीसहून अधिक कादंबऱ्यांचा लेखक झाला. तुकाराम भाऊराव साठे हे त्यांचे मूळ नाव. महाराष्ट्र त्यांना अण्णाभाऊ साठे म्हणून ओळखतो. वाद्य हाती घेतलेल्या माणसाने लेखणी का धरली, ती कशी पेलली आणि त्यासाठी त्याला काय किंमत मोजावी लागली, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव वाळवे तालुक्यात असून त्या वेळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. वडिलांचे नाव भाऊराव, आईचे वालुबाई. जात मातंग. इंग्रजी अमलात काही जातींना सरसकट गुन्हेगार ठरविणारा कायदा १८७१ मध्ये झाला होता. त्याच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांना गावच्या चावडीवर हजेरी द्यावी लागे. जन्मताच कपाळावर शिक्का बसे. हा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. अण्णाभाऊंचे बालपण मात्र त्याच्याच छायेत गेले. शाळेत ते जेमतेम दीड दिवस बसले, असे सांगतात. शिक्षकाच्या छडीने आणि वेगळ्या बसविण्याच्या रीतीने ती वाट तेथेच खुंटली.

वडील मुंबईस साहेबांच्या बंगल्यांवर बागकाम करीत. पुढे दुष्काळाच्या दिवसांत सारे कुटुंबच गाव सोडून मुंबईस निघाले. ही गोष्ट १९३० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतली. गाडीभाड्याला पैसे नव्हते. म्हणून वाटेत मिळेल ती मजुरी करीत ते सारे पायी चालत आले. मुंबईत आल्यावर त्या पोराने हमाली केली, फेरीवाल्याचा धंदा केला, पुढे गिरणीत काम धरले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचता वाचता. शहराच्या भिंती हेच त्यांचे पहिले पुस्तक.

परंतु अक्षरांच्या आधी त्यांच्याकडे आणखी एक विद्या होती, आणि ती गावाकडूनच आलेली होती. ती म्हणजे गाण्याची. त्यांचे चुलत बंधू बापू साठे यांचा तमाशाचा फड होता. काही काळ गावी परतल्यावर अण्णाभाऊ त्या फडात शिरले. पेटी, ढोलकी, तुणतुणे ही वाद्ये त्यांना वश होती. पाठांतर विलक्षण होते. लांबच लांब वग तोंडपाठ म्हणावयाचा, आयत्या वेळी संवाद रचावयाचा आणि समोरचा रसिक कंटाळला की चाल बदलावयाची, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. कोणत्याही विद्यापीठात ते मिळत नाही.

या शिक्षणाचे मोल कळण्यासाठी पोवाडा आणि तमाशा यांची घडण थोडी ध्यानात घ्यावयास हवी. पोवाडा म्हणजे शूराच्या पराक्रमाचे कथागीत. अफझलखानाच्या वधावरील अगिनदासाचा पोवाडा हा शिवकाळातील. म्हणजे ही परंपरा साडेतीनशे वर्षांहून जुनी. मुख्य शाहीर डफावर थाप मारून कथा पुढे नेतो, मागचे झीलकरी ‘जी जी’ करीत सूर धरून ठेवतात आणि तुणतुणे त्याला अखंड आधार देते. मध्येच शाहीर गाणे थांबवून गद्यात बोलू लागतो, प्रसंग रंगवितो आणि पुन्हा चालीवर येतो. तमाशाची रचना याहून मोठी : आरंभी गण, मग गवळण, नंतर सोंगाड्याची बतावणी आणि शेवटी वग. नागपूर-भंडाऱ्याकडची खडी गंमत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या घडणीची ओळख वेगळी करून द्यावयास नको. दोन्हींमध्ये गाणे आणि गोष्ट एकमेकांच्या हातात हात घालून चालतात. गाणारा हा मुळातच गोष्ट सांगणारा असतो. अण्णाभाऊंच्या पुढील कादंबऱ्यांचे बीज येथेच आहे.

मुंबईस परतल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांचा वास झाला. तेथे कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांचा सहवास लाभला. त्यांच्या आरंभीच्या रचनांपैकी एक मच्छरांवरची होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजे-सरदार यांच्यासाठी राखून ठेवलेला पोवाडा त्यांनी झोपडपट्टीतील डासांवर रचला! विनोद तर त्यात होताच. परंतु ज्या वस्तीत माणसे राहतात, ती वस्तीच काव्याचा विषय आहे, हेही त्यात होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राड शहराने जर्मन सैन्याचा वेढा मोडून काढला, तेव्हा अण्णाभाऊंनी १९४३ साली त्यावर पोवाडा रचला. हजारो कोसांवरचे ते शहर त्यांनी पाहिलेले नव्हते. पण उपाशीपोटी लढणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. हा पोवाडा गिरणगावात घुमला आणि त्याचा लौकिक रशियापर्यंत पोहोचला. बंगालच्या दुष्काळावरही त्यांनी याच सुमारास रचना केली.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर या दोघा शाहिरांसह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. अमर शेख बार्शीचे, पहाडी आवाजाचे. अण्णाभाऊ रचनेत आणि अभिनयात तरबेज. मैदान हेच या पथकाचे नाट्यगृह आणि चाळीतले कामगार हेच त्याचे आश्रयदाते. पडदे नाहीत, रंगभूषेचा थाट नाही, तिकीट नाही. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘माझी मुंबई’ असे वग या काळात झाले. गणामध्ये अण्णाभाऊंनी केलेला बदल तर फार बोलका आहे. परंपरेने जेथे गणपतीला वंदन होई, तेथे त्यांनी मायभूमीला आणि छत्रपती शिवाजी महाराजांना वंदन केले. गवळणीला त्यांनी फाटा दिला आणि राजाराणीच्या वगात सावकार, जमीनदार, काळाबाजारवाला यांना आणून उभे केले. साचा जुना ठेवला, आशय पालटला. प्रेक्षकाला घर ओळखीचे वाटले. म्हणून आतले नवे पाहुणेही त्याने स्वीकारले.

सत्ताधाऱ्यांना हे रुचणे शक्य नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. त्या बंदीचा तडाखा पोट भरण्यासाठी नाचणाऱ्या-गाणाऱ्या गरीब फडांना बसला, आणि राजकीय वग करणाऱ्या कलापथकांनाही बसला. अण्णाभाऊंचे उत्तर साधे होते. तमाशा नको ना, मग हे लोकनाट्य! नाव बदलले, रंगमंचावरची माणसे तीच राहिली. आज ‘लोकनाट्य’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. त्याच्या मागे अशी एक झटापट आहे.

या शाहिरी पर्वाचा कळस म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेली ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ही छक्कड. पोटासाठी मुंबईस आलेला एक कामगार गावी राहिलेल्या आपल्या पत्नीसाठी झुरतो आहे, एवढीच वरवर तिची कथा. घरोघरचे ते दुःख होते. गिरणगावातल्या हजारो पुरुषांची बायकामुले कोकणात नि घाटावर होती. परंतु गाणे पुढे सरकते, तशी ही ताटातूट भूमीची ताटातूट होऊन जाते. मुंबई आणि मराठी मुलूख एकमेकांपासून तोडले जात आहेत. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव परक्या ताब्यात राहत आहेत, ही व्यथा त्या विरहात येऊन मिसळते. खाजगी दुःख आणि सार्वजनिक दुःख यांना एका दोरीत ओवण्याची ही किमया अमर शेखांच्या आवाजाने लक्षावधी लोकांच्या काळजापर्यंत नेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले होते.

या छक्कडीचा अर्थ सातपुड्याच्या पायथ्याच्या मराठी माणसाला वेगळ्या रीतीने भिडावा, असा आहे. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा हा पट्टा मराठी बोलणारा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याबरोबर हा मराठी मुलूखही राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला; राज्य तेच. अण्णाभाऊंच्या कवनात सौंसरचे नाव नाही. तथापि जे सीमेपलीकडे राहिले, त्यांच्या भाषेचे काय होते, हा प्रश्न त्या कवनात आहे, आणि तो येथल्या घराघरांत रोज उभा असतो. शाळेची आणि कचेरीची भाषा एक, ओवीची आणि भजनाची भाषा दुसरी. अशा ठिकाणी भाषा टिकते ती प्रथम गाण्यात टिकते. राज्याची सीमा नकाशावर काढता येते. छक्कडीच्या चालीवर ती काढता येत नाही.

मग असा लोकप्रिय शाहीर कादंबरीकडे का वळला? याची कारणे दोन प्रकारची आहेत. पहिले कारण बाहेरचे. शाहिराचे गाणे चळवळीबरोबर चढते आणि चळवळीबरोबर उतरते. सभा संपली की गाणे हवेत विरते, आणि पोट मागे राहते. दुसरे कारण आतले. पोवाड्यात पराक्रम मावतो. परंतु एका माणसाचे सारे आयुष्य, त्याच्या मनातील घालमेल, त्याच्या बायकोचे मौन, गावातील हेवेदावे हे सर्व त्यात मावत नाही. अण्णाभाऊंच्या डोक्यात वारणेच्या खोऱ्यातील माणसांची दाटी झालेली होती. त्यांना डफ अपुरा पडू लागला. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतील एका खोपटात बसून ते लिहीत राहिले.

१९५९ साली ‘फकिरा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. तिला वि. स. खांडेकरांची प्रस्तावना आहे, आणि १९६१ साली तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. कथा वाटेगावचीच. राणोजी हा मातंग वीर गावाच्या जत्रेसाठी शेजारगावाची जोगणी हिरावून आणतो. गावाची शीव ओलांडल्यावर पाठलाग करू नये, असा रिवाज असताना तो रिवाज मोडून त्याला मारले जाते. त्याचा मुलगा फकिरा. पुढे दुष्काळ पडतो, माणसे भुकेने मरू लागतात, सरकार ढिम्म हलत नाही. तेव्हा फकिरा धान्याची कोठारे फोडून ते धान्य उपाशी माणसांत वाटतो. त्याला पकडता येत नाही, म्हणून सरकार त्याच्या जातभाईंना, बायकापोरांना धरते. त्यांच्या सुटकेसाठी फकिरा आपण होऊन स्वाधीन होतो.

या कथेत दोन गोष्टी विशेष आहेत. कायद्याच्या वहीत जो गुन्हेगार होता, तो येथे नायक आहे. आणि त्याचे नायकत्व केवळ शौर्यात नसून शेवटच्या त्यागात आहे. दुसरी गोष्ट अशी की, अण्णाभाऊंनी जगाची वाटणी जातीवर केली नाही. विष्णुपंत कुलकर्णी हे पात्र उपाशी माणसांच्या बाजूने उभे राहते. चांगला आणि वाईट यांतील रेघ ते भुकेल्या माणसाकडे पाहण्याच्या दृष्टीवरून ओढतात. ज्यांना स्वतःला आयुष्यभर जातीच्या रेघेने दूर ठेवले, त्यांनी अशी दृष्टी राखावी, ही लहान गोष्ट नव्हे.

‘वैजयंता’ या कादंबरीत त्यांनी तमाशात नाचणाऱ्या स्त्रीचे जीवन मांडले. फडाच्या मागचा अंधार त्यांनी स्वतः पाहिला होता. म्हणून तेथे ना तिरस्कार आहे, ना खोटा गोडवा. ‘माकडीचा माळ’मध्ये भटक्या जमाती आल्या, ‘वारणेचा वाघ’मध्ये बंडखोर आला. त्यांच्या कथांपैकी ‘स्मशानातील सोनं’ ही तर मराठी कथेतील एक ठळक खूण होय. खाणीतले काम सुटलेला भीमा मुंबईच्या उपनगरातील स्मशानात मृतांच्या अंगावरील सोने शोधू लागतो. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत असता त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात व तो ती गमावतो. आणि दुसऱ्याच दिवशी खाण पुन्हा सुरू होणार असल्याची बातमी येते. लेखक कोठेही उपदेश करीत नाही. बेकारी माणसाला कोठवर नेते, हे तो दाखवितो आणि बाजूला होतो.

या गद्यात शाहीर जागोजागी जिवंत आहे. वाक्ये आखूड, ठसकेबाज. डफाच्या थापेसारखी एकामागून एक येणारी. प्रकरणाचा आरंभ एकदम प्रसंगात होतो, कारण मैदानातल्या प्रेक्षकाला प्रस्तावना ऐकण्याइतका धीर नसतो. संवाद बोलीत, आणि त्या बोलीला वारणाकाठची चव. वर्णनात नदी, डोंगर, घोडा, तलवार यांना माणसांइतकेच स्थान. म्हणूनच चित्रपटसृष्टीचे लक्ष या कथांकडे गेले. ‘वैजयंता’, ‘फकिरा’ इत्यादी कादंबऱ्या पडद्यावर आल्या. दोषही याच उगमातून आले आहेत. पोटासाठी भराभर लिहावे लागल्यामुळे काही कादंबऱ्या एका साच्यातल्या झाल्या. खलपुरुष फार काळे, नायक फार उजळ झाले. योगायोगांची गर्दी झाली. परंतु समीक्षकांनी केवळ या दोषांवर बोट ठेवून त्यांना दीर्घकाळ साहित्याच्या पडवीत बसविले, हा न्याय नव्हता. शिकल्यासवरल्या लेखकांच्या कादंबऱ्यांतील योगायोग त्यांनी इतक्या कठोरपणे मोजले होते काय?

वाद्य सोडून लेखणीकडे वळण्याची उदाहरणे इतरत्रही आहेत. १९७५ नंतर न्यूयॉर्क आणि लंडन येथे ‘पंक’ नावाच्या संगीताची लाट उसळली. संगीताचे पद्धतशीर शिक्षण नसलेली, बेकारीने चिडलेली तरुण पोरे दोन-तीन सुरावटींच्या बळावर रस्त्यावरचे गाणे गाऊ लागली. त्यांतला रिचर्ड हेल हा अमेरिकन वादक कवी होता आणि १९९६ मध्ये त्याची कादंबरी प्रसिद्ध झाली. निक केव्ह या ऑस्ट्रेलियन गायकाची पहिली कादंबरी १९८९ सालची. शिक्षणसंस्थांनी दिलेल्या परवानगीवाचून गाता येते, आणि जो गातो तो लिहूही शकतो, हा त्यांचा पुकारा होता. अण्णाभाऊंनी तो पंचवीस-तीस वर्षे आधी, कोणाचेही अनुकरण न करता, करून दाखविला होता. फरकही ध्यानात घ्यावा. त्या तरुणांनी परंपरा झुगारून दिली. अण्णाभाऊंनी परंपरा हाती घेऊन ती वाकविली. त्यांच्यामागे ध्वनिमुद्रिकांचा व्यापार उभा राहिला; अण्णाभाऊंच्या मागे फक्त श्रोते होते.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याच्या उद्घाटनाचे भाषण अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नसून राबणाऱ्या माणसांच्या तळहातावर तोललेली आहे, या आशयाचा विचार त्यांनी तेथे मांडला. तो आज सर्वतोमुखी आहे. १९६१ साली ते रशियास जाऊन आले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन त्यांनी लिहिले. मुंबईपर्यंत पायी आलेला तो मुलगा आता परदेशाचे वर्णन आपल्या भाषेत सांगत होता.

परंतु कीर्ती आणि भाकरी यांची गाठ पडली नाही. पुस्तके खपली, चित्रपट निघाले, तरी लेखकाच्या घरी पैका आला नाही. अखेरची वर्षे दारिद्र्यात, एकाकीपणात आणि आजारात गेली. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमर शेखही गेले. दीड महिन्याच्या आत महाराष्ट्राचे दोन आवाज थांबले.

मान मागाहून आला. १९८५ साली शासनाने त्यांच्या नावे विकास महामंडळ स्थापिले, २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले आणि २०२२ च्या सप्टेंबरात मॉस्को शहरातील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. हे सारे योग्यच. तथापि जिवंतपणी दारिद्र्य वाट्याला यावे आणि मरणानंतर पुतळा मिळावा, याचा विचार समाजाने करावयास हवा. प्रत्येक गावात आजही एखादा भजनी, एखादा डफवाला, खडी गंमतीतला एखादा शाहीर असतो. त्याच्या तोंडी असलेली रचना कोणी उतरून घेत नाही. त्याने स्वतः लिहावे, असे त्याला कोणी सुचवीत नाही. विशेषतः जेथे शाळेची भाषा घरच्या भाषेहून निराळी आहे, तेथे असा माणूस गेला की भाषेचा एक कोपरा त्याच्याबरोबर जातो.

अण्णाभाऊंच्या जीवनाचा बोध शाळा नको असा मुळीच नाही. त्यांना स्वतःला शाळा नाकारली गेली, याचे शल्य त्यांच्या लेखनात खोल आहे. बोध एवढाच की, शाळेच्या बाहेरही बुद्धी असते, आणि ती ओळखणे हे शिकलेल्यांचे कर्तव्य आहे. डफ वाजविणाऱ्या हातात लेखणी देण्यास समाज कचरला, तरी त्या हाताने ती घेतली. आता ‘फकिरा’ हाती घेऊन वाचणे, मुलांना वाचावयास देणे आणि आपल्या गावातील गाणाऱ्या माणसाजवळ वही-पेन्सिल घेऊन घटकाभर बसणे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.